सहीचा अधिकार: सीएची सीओपी घेण्यापासून ती चालू ठेवण्यापर्यंत

फायनलचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि दुसऱ्याच दिवशी ओळखीतलं कुणीतरी बँकेसाठी नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) सर्टिफिकेट मागायला येतं. ‘आता तू सीए झालास ना, मग मार सही.’ ती सही त्या दिवशी मारता येत नाही. परीक्षा पास होणं, इन्स्टिट्यूटचं (आयसीएआय, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाचं) सदस्य होणं आणि प्रॅक्टिसचा परवाना हातात असणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि ऑडिट रिपोर्टवर किंवा सर्टिफिकेटवर सही करायला तिसऱ्या पायरीवर पोचावं लागतं. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, 1949 च्या कलम 6 प्रमाणे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे आपली सीओपी, नसेल तर प्रॅक्टिस करता येत नाही.

सीओपी मिळवणं तसं सोपं आहे. ती न अडखळता चालू ठेवणं जास्त लोकांना जड जातं. त्यामुळे पहिल्या काही पायऱ्या इथे भरभर उरकल्या आहेत आणि पुढच्या सावकाश घेतल्या आहेत.

1. परीक्षेचा टप्पा, थोडक्यात

1 जुलै 2023 पासून नवी योजना लागू आहे. बारावीनंतर फाउंडेशन: चार पेपर, प्रत्येकी 100 गुण. त्यातले तिसरा आणि चौथा पेपर पर्यायी उत्तरांचे असून चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. मग इंटर: सहा पेपर, दोन ग्रुप. पदवीधरांना फाउंडेशन टाळून थेट इंटरला नाव घालता येतं. वाणिज्य शाखेला 55 टक्के आणि इतर शाखांना 60 टक्के लागतात. प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपच्या बेरजेत 50 टक्के, हा पास होण्याचा हिशोब इंटरला आणि फायनलला सारखाच आहे.

इंटरचे दोन्ही ग्रुप आणि आयसीआयटीएसएसचे (आयटी आणि सॉफ्ट स्किल्सचे) वर्ग झाले की दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखालची उमेदवारी. आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल. त्याआधी स्वतःच्या गतीने करायच्या ऑनलाइन मॉड्यूल्सचे चारही संच पार करावे लागतात, आणि प्रगत आयटी व संवादकौशल्याचा कोर्सही.

इथली नेहमीची चूक कागदाची असते. आर्टिकलशिप सुरू झाल्यापासून 30 दिवसांत तिच्या नोंदणीचे फॉर्म 102 आणि 103 गेले पाहिजेत. ‘सर करतील’ म्हणून सोडून देऊ नका. उशीर झाला तर भोगायचं तुम्हाला आहे, सरांना नाही. नव्या योजनेत वर्षाला 12 रजा आहेत. त्यापेक्षा जास्त सुट्ट्या झाल्या की आर्टिकलशिप तेवढी लांबते आणि फायनलचा अटेम्प्ट हुकू शकतो.

2. सदस्यत्व: फॉर्म 2

पास झाल्यावर आयसीएआयच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर फॉर्म 2 भरायचा. अर्जाच्या दिवशी वय 21 पूर्ण हवं. लहान वयात पास झालेल्या हुशारांचं घोडं इथे अडतं. जवळ काय ठेवाल:

– फायनलची गुणपत्रिका
– दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारीख आणि नावासाठी)
– आर्टिकलशिप पूर्ण झाल्याची नोंद
– पॅन आणि आधार
– पोर्टलला हव्या त्या मापातला फोटो आणि कोऱ्या कागदावरची सही, दोन्ही स्कॅन करून
– नाव बदललं असेल तर गॅझेट किंवा विवाह प्रमाणपत्र

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर, पॅनवर आणि विद्यार्थी नोंदणीत अक्षरन्‌अक्षर सारखं आहे का ते आधी पाहा. वडिलांचं नाव मधे आहे का, आडनाव आधी की नंतर, स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ की दोन, यावरून आपल्याकडची निम्मी अडकाअडकी होते. पुढे आयकराच्या पोर्टलवर नोंदणी करताना पॅनवरचं नाव आणि सदस्यत्वाचं नाव जुळलं नाही की तिथेही थांबावं लागतं. पॅन दुरुस्त करायचं असेल तर ते फॉर्म 2 च्या आधीच उरका.

दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटते पण फार पुढपर्यंत पुरते: मोबाइल नंबर आणि ईमेल. यूडीआयएनचा, म्हणजे सही केलेल्या प्रत्येक कागदासाठी काढायच्या वेगळ्या ओळख क्रमांकाचा, ओटीपी याच पत्त्यांवर येतो. कंपनीने दिलेला ईमेल इथे कधीही देऊ नका. नोकरी सुटली की तो ईमेलही गेला, आणि सही करायच्या दिवशी ओटीपी जुन्या ऑफिसच्या सर्व्हरवर जाऊन पडतो.

अर्ज मंजूर झाला की सहा आकडी सदस्य क्रमांक मिळतो आणि नावापुढे एसीए (असोसिएट सदस्य) लागतं. आता ‘सीए अमुक’ म्हणवून घ्यायला हरकत नाही. सही मात्र अजून नाही.

3. सीओपी: फॉर्म 6

फॉर्म 2 आणि फॉर्म 6 एकाच वेळी देता येतात, पण लगेच प्रॅक्टिस करायची नसेल तर सीओपी घेऊन ठेवू नका. ती घेतली की तिची फी, तिचे सीपीईचे (व्यवसायात राहून शिकत राहण्याचे) तास आणि तिची बंधनंही सुरू होतात. नव्या योजनेतून आलेल्यांनी फॉर्म 6 भरण्याआधी, पास झाल्यानंतरच्या अनुभवाची अट आपल्याला लागू होते का, तेही बघून घ्यावं.

फॉर्म 6 मध्ये कळीचा प्रश्न आहे: तुम्ही दुसरा कोणता व्यवसाय किंवा नोकरी करता का? याचं उत्तर घाईत देऊ नका. सीओपी दोन प्रकारची असते, पूर्ण वेळ आणि अर्धवेळ. नोकरी सांभाळून अर्धवेळ सीओपी घेतलेल्याला ऑडिट आणि प्रमाणनाची कामं करता येत नाहीत, यूडीआयएनही काढता येत नाही. म्हणजे ज्या कामासाठी सीओपी घ्यायची, नेमकं तेच काम हातून जातं. नोकरी सोडून पूर्ण वेळ सीओपी घेणार असाल तर कार्यमुक्तीचं पत्र हातात पडल्याशिवाय अर्ज करू नका.

दुसऱ्या धंद्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. पुढील गोष्टींना इन्स्टिट्यूटची सर्वसाधारण परवानगी आहे, वेगळा अर्ज लागत नाही: शेतजमीन बाळगणं आणि शेती करणं, आठवड्याला 25 तासांपर्यंत शिकवणं, लेखन करणं, आणि आधीपासून एलआयसीची एजन्सी असेल तर केवळ नूतनीकरणाचं कमिशन घेण्यापुरती ती ठेवणं. गावाकडे ऊस आहे म्हणून सीओपी अडत नाही. घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालक असाल तर मात्र आधी विशेष परवानगी घ्यावी लागते. नुसतं नावापुरतं संचालक असणं वेगळं. भागीदारीतल्या दुकानात भागीदार म्हणून तुमचं नाव वडिलांनी कधीकाळी घातलेलं असतं, ते बऱ्याच जणांना आठवतच नाही. जुने भागीदारी करारनामे एकदा चाळून बघा.

4. फर्मचं नाव आणि एफआरएन

स्वतःच्या नावाने प्रॅक्टिस करता येते. फर्मचं नाव हवं असेल तर फॉर्म 117 मध्ये पसंतीक्रमाने नावं सुचवायची. नाव सहसा सदस्याच्या नावावरून किंवा आद्याक्षरांवरून घेतात. जाहिरातीसारखं वाटणारं नाव मंजूर होत नाही. नाव मिळाल्यावर 30 दिवसांची मर्यादा पाळून फॉर्म 18 भरा, म्हणजे फर्मची रचना नोंदली जाते आणि एफआरएन, म्हणजे फर्मचा नोंदणी क्रमांक, मिळतो. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात पश्चिम विभागात येतात, त्यामुळे आपल्या एफआरएनच्या शेवटी डब्ल्यू असतो. पुढे भागीदार आला, गेला किंवा पत्ता बदलला तरी पुन्हा फॉर्म 18.

इन्स्टिट्यूटकडून मिळणारं फर्म कॉन्स्टिट्यूशन सर्टिफिकेट जपून ठेवा. चालू खातं उघडताना बँक तेच मागते.

दुसरं ऑफिस थाटायचं असेल तर लक्षात ठेवा: प्रत्येक ऑफिसचा कारभार स्वतंत्र सदस्याकडे हवा, असा कायदा आहे. दुसरं ऑफिस त्याच शहरात किंवा नगरपालिकेच्या हद्दीपासून 50 किलोमीटरच्या आत असेल तर एकट्याला दोन्ही सांभाळण्याची सूट मिळते. पुण्यात ऑफिस आणि कोल्हापुरात ‘शाखा’ अशी पाटी एकट्याच्या जिवावर लावता येत नाही.

5. सहीची साधनं

– क्लास 3 डिजिटल सिग्नेचर. तिचं नूतनीकरण केलं की आयकर पोर्टलवर पुन्हा नोंदवावी लागते. नेमकं हे ऐन सप्टेंबरात आठवतं.
– आयकर पोर्टलवर ‘चार्टर्ड अकाउंटंट’ म्हणून वेगळी नोंदणी, सदस्य क्रमांक आणि सदस्यत्वाची तारीख देऊन. वैयक्तिक करदात्याचं लॉगिन इथे चालत नाही.
– यूडीआयएन पोर्टलवर नोंदणी.
– कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर व्यावसायिक म्हणून नोंदणी, कंपन्यांची कामं घेणार असाल तर.
– महाराष्ट्रात व्यवसाय कराचं नावनोंदणी प्रमाणपत्र (पीटीईसी). वर्षाला 2,500 रुपये, मुदत 30 जून.
– गोल शिक्का, आणि सहीखालच्या ओळींचा एक पक्का नमुना.

तो नमुना असा ठेवा:

अमुक अँड कंपनी करिता
चार्टर्ड अकाउंटंट्स
एफआरएन
(सही)
सदस्याचं नाव, प्रोप्रायटर किंवा भागीदार
सदस्य क्रमांक
यूडीआयएन
स्थळ आणि दिनांक

यातली एक जरी ओळ गळली तरी बँक कागद परत पाठवते आणि ग्राहक तुमच्या नावाने खडे फोडतो.

6. यूडीआयएन: इथे घाई नको

खोट्या सीएंच्या सह्या रोखण्यासाठी ही व्यवस्था आली. 1 फेब्रुवारी 2019 पासून सर्टिफिकेटांना, 1 एप्रिल 2019 पासून कर व जीएसटी ऑडिटला आणि 1 जुलै 2019 पासून सर्व ऑडिट आणि प्रमाणनाच्या कामांना यूडीआयएन सक्तीचा आहे. तो काढायला पैसे पडत नाहीत.

हा क्रमांक 18 स्थानांचा असतो. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा तुमच्या सदस्य क्रमांकाचे, आणि उरलेली दहा अक्षरं-आकडे यंत्रणा देते. त्यामुळे नुसत्या नजरेनेही पहिली तपासणी होते: मधले सहा आकडे सहीखालच्या सदस्य क्रमांकाशी जुळायलाच हवेत. जुन्या कागदावरून कॉपी-पेस्ट केलेला यूडीआयएन बऱ्याचदा अशाने पकडला जातो.

काढण्याची रीत: लॉगिन करा, कागदाचा प्रकार निवडा, सहीची तारीख घाला, कागदातले महत्त्वाचे आकडे आणि त्यांचं वर्णन भरा, ओटीपी टाका. सहीच्या दिवशीच काढणं उत्तम. मुदत सहीपासून 60 दिवसांची आहे. एकाच प्रकारची खूप सर्टिफिकेटं असतील तर ती एकगठ्ठा करण्याचीही सोय आहे.

चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त आकड्यांत. नेटवर्थ सर्टिफिकेटवर ‘48.50 लाख’ छापलं आहे आणि पोर्टलवर 4850000 ऐवजी 48.50 भरलं. बँकेतला अधिकारी तोच यूडीआयएन पोर्टलवर टाकून पाहतो, त्याला साडेअठ्ठेचाळीस रुपयांची नेटवर्थ दिसते आणि फाइल परत येते. एकदा निघालेला यूडीआयएन दुरुस्त होत नाही. तो कारण देऊन रद्द करायचा, नवा काढायचा आणि ग्राहकाला नवा क्रमांक घातलेला कागद द्यायचा. म्हणून शेवटच्या बटणाआधी आकडे कागद हातात धरून वाचा, पडद्यावर पाहून नाही.

दुसरी चूक कर ऑडिटमधली. रिपोर्ट आयकर पोर्टलवर चढवला, पण तिथे यूडीआयएन नोंदवायचा राहिला. किंवा सगळं केलं आणि ग्राहकाने आपल्या लॉगिनमधून रिपोर्ट स्वीकारलाच नाही. करदात्याने स्वीकारल्याशिवाय तो दाखल झालेला नसतो. शेवटच्या रात्री साडेअकराला रिपोर्ट चढवून ग्राहकाला फोन लावला आणि तो झोपलेला असला, तर तुमची मेहनत वेळेत आणि रिपोर्ट उशिरा.

7. पहिलं ऑडिट स्वीकारण्याआधी

आधी कोणी दुसरे सीए ऑडिटर होते का ते विचारा. होते, तर त्यांना लेखी कळवल्याशिवाय काम स्वीकारणं हे गैरवर्तन ठरतं. पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट हा जुना मार्ग आजही सगळ्यात बिनधोक आहे. ‘व्हॉट्सॲपवर सांगितलं होतं’ हा पुरावा शिस्तपालन समितीपुढे कितपत टिकेल याचा विचार करा. त्यांची ऑडिटची बिनवादाची फी थकली असेल तर ती चुकती होईपर्यंत काम घेऊ नका. आजारी उद्योगांना यातून सूट आहे.

फी ठरवताना ‘रिफंड आला तर दहा टक्के’ असला सौदा नको. नफ्याच्या किंवा निकालाच्या टक्केवारीवर फी घेणं, काही ठरावीक अपवाद सोडले, तर निषिद्ध आहे. कर ऑडिटची मर्यादा एका सदस्याला वर्षाला 60. त्याची स्वतंत्र नोंदवही ठेवा. स्वतःच्या प्रॅक्टिसचं रोजकीर्द आणि खतावणी लिहिणंही बंधनकारक आहे. दुसऱ्यांची पुस्तकं तपासणाऱ्यांच्या घरी हे हमखास राहतं. ऑडिटची कामाची कागदपत्रं रिपोर्टच्या तारखेपासून सात वर्षं सांभाळायची.

महाराष्ट्रात नव्या सीएला लवकर मिळणारं काम म्हणजे गृहनिर्माण सोसायट्या आणि पतसंस्था. पण इथे सीओपी एकटी पुरत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 81 खाली सहकार खात्याच्या नामिकेवर (मान्य ऑडिटरांच्या यादीवर) नाव असावं लागतं. त्यासाठी सहकारी संस्थांच्या ऑडिटचा किमान एक वर्षाचा अनुभव आणि मराठीचं कामचलाऊ ज्ञान ही अट कायद्यातच आहे. आर्टिकलशिप अशा फर्ममध्ये झाली असेल तर अनुभवाचा दाखला बाहेर पडतानाच मागून घ्या. तीन वर्षांनी मागायला गेलात तर ती फर्म जुने रजिस्टर शोधत बसते.

8. परवाना चालू ठेवणं

इथे खरा गोंधळ तीन वेगवेगळ्या वर्षांचा आहे. फीचं वर्ष एप्रिल ते मार्च, सीपीईचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि व्यवसाय कराची तारीख जूनमध्ये. तिन्ही एकाच कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा.

फी: सदस्यत्वाची आणि सीओपीची, दोन्ही 1 एप्रिलला देय होतात, वर जीएसटी. शेवटची तारीख 30 सप्टेंबर. कर ऑडिट रिपोर्टचीही मूळ मुदत 30 सप्टेंबरच असते, आणि म्हणूनच लोक फसतात. सगळ्या ग्राहकांचे रिपोर्ट मुदतीत भरणारा माणूस स्वतःची फी विसरतो आणि 1 ऑक्टोबरपासून त्याचं नाव नोंदवहीतून निघतं. फी एप्रिलमध्येच भरून टाका. भरल्यावर बँकेतून पैसे गेले एवढ्यावर समाधान मानू नका, पोर्टलवर पावती निघाली का ते पाहा. व्यवहार अर्धवट अडकला तर सहा महिन्यांत तो सोडवता येतो, सहा तासांत नाही. फी भरतानाच ‘नो युअर मेंबर’ची माहितीही अद्ययावत करून टाका.

सीपीई: भारतात राहणाऱ्या, साठीच्या आतल्या सीओपीधारकाला तीन कॅलेंडर वर्षांच्या गटात 120 तास लागतात. 2023 ते 2025 हा असा एक गट होता. त्यातले किमान 60 तास स्ट्रक्चर्ड, म्हणजे शाखांचे आणि अभ्यासमंडळांचे अधिकृत कार्यक्रम, आणि दरवर्षी किमान 20 तास स्ट्रक्चर्डच हवेत. उरलेले 60 वाचन, स्वाध्याय वगैरे अनस्ट्रक्चर्ड चालतात; ते पोर्टलवर तुम्ही स्वतः घोषित करायचे असतात. पहिल्यांदा सदस्यत्व मिळतं त्या कॅलेंडर वर्षाला सूट आहे.

फसगत ‘दरवर्षी किमान 20’ मध्ये होते. पहिल्या वर्षी हौसेने 50 तास केले म्हणून दुसऱ्या वर्षी 5 चालत नाहीत. पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमाला साधारण सहा तास मिळतात, म्हणजे वर्षाला साडेतीन-चार दिवस काढायचे आहेत. ते मे-जूनमध्ये काढा. डिसेंबरात पुण्याच्या बिबवेवाडीतल्या आयसीएआय भवनात काय किंवा नाशिक-सोलापूरच्या शाखेत काय, नोंदणी भरलेली असते आणि विषय मिळेल तो घ्यावा लागतो. हजेरी सदस्य क्रमांकावर नीट चढली का ते पंधरा दिवसांत तपासा. वर्षभराने आयोजकांकडे जुना हजेरीपट मागणं म्हणजे वरातीमागून घोडं. अनस्ट्रक्चर्ड तासांचीही तारीख आणि विषय एका वहीत टिपत जा.

9. नाव निघालंच तर

घाबरू नका, पण त्या दिवसापासून एकही सही करू नका. यूडीआयएन पोर्टल तसंही अडवतंच, आणि जुन्या तारखेचा कागद करून वेळ मारून नेण्याचा मोह हा साध्या विसरभोळेपणाचं गैरवर्तन करून ठेवतो. सदस्यत्व परत मिळवण्यासाठी फॉर्म 9 भरा, थकलेली फी आणि पुनर्स्थापनेची जादा रक्कम भरा, सीओपीच्या पुनर्स्थापनेचाही अर्ज करा. फक्त सदस्यत्व परत घेतलं आणि सीओपी राहिली, असंही होतं.

यात 31 मार्च महत्त्वाचा. ज्या आर्थिक वर्षात नाव निघालं त्याच वर्षात अर्ज आणि पैसे पोचले, तर नाव मागच्या तारखेपासून, जणू मधे खंड नव्हताच असं परत लागतं. वर्ष उलटलं की खंड कायमचा राहतो. एफसीए (फेलो सदस्य) होण्यासाठी सलग पाच वर्षांची प्रॅक्टिस मोजतात, तिथे हा खंड आडवा येतो. पाच वर्षं सलग झाली की फॉर्म 3 भरायचा; आपोआप कोणी एफसीए करत नाही.

10. पुन्हा नोकरी धरलीत तर

नोकरीवर रुजू होण्याआधी सीओपी परत करा. ‘असू दे, कधी लागली तर’ म्हणून ती ठेवून पगार घेणं हेसुद्धा गैरवर्तनच. सदस्यत्व आणि त्याची फी चालू राहते, मग नोकरी हिंजवडीत असो की दुबईत. सीपीईचे तास कमी लागतात, शून्य होत नाहीत. परत करताना हातातल्या ऑडिटांची यादी करा, सही झालेल्या प्रत्येक कागदाचा यूडीआयएन निघालाय याची खात्री करा, फर्म एकट्याची असेल तर फॉर्म 18 ने ती बंद झाल्याचं कळवा, आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन ऑफिसातल्या कुणाच्या ड्रॉवरमध्ये राहू देऊ नका.